कुटुंब-समूह परिषद

कुटुंब-समूह परिषद : अल्पवयीन मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याबाबत तो मुलगा, त्याचे विस्तारित कुटुंब, पीडित व्यक्ती आणि पोलीस यांनी एकत्र बसून भरपाईचा मार्ग ठरवण्याची न्यूझीलंडमधील वैधानिक पद्धती (→ पुनर्स्थापक न्याय).

न्यूझीलंडच्या मूलनिवासी माओरी समाजातील मुलांना घराबाहेर काढून संस्थांत ठेवण्याच्या धोरणावर ‘पुआओ-ते-आता-तू’ या अहवालाने कठोर टीका केली. त्यानंतर 1989 च्या बालक व कुटुंबविषयक कायद्याने ही परिषद सुरू झाली. निर्णयात ‘फानाउ’ला, म्हणजे विस्तारित कुटुंबाला, स्थान देणे हा माओरी विचार तिच्या मुळाशी आहे (→ माओरी).

शासननियुक्त समन्वयक परिषद बोलावतो. मुलाने आरोप नाकारलेला नसावा किंवा तो सिद्ध झालेला असावा लागतो. खून व मनुष्यवध यांना ती लागू नाही. पोलीस घटना सांगतात, पीडित व्यक्ती आपल्याला काय सोसावे लागले ते सांगते. मग कुटुंबाला स्वतंत्र चर्चेसाठी एकांत दिला जातो. अधिकारी या वेळी खोलीबाहेर थांबतात. निर्णयाची सूत्रे खरोखर कुटुंबाकडे जातात ती इथेच. माफी, नुकसानभरपाई, समाजोपयोगी काम अशी योजना सर्वसंमतीने ठरते. पीडितावर उपस्थितीची सक्ती नसते.

ऑस्ट्रेलियातील वागा वागा येथे 1991 मध्ये या परिषदेचे पोलिसांनी चालवलेले रूप पुढे आले. 1994 पासून क्वीन्सलँडच्या शाळांतही परिषदा भरू लागल्या. महाराष्ट्रातील तंटामुक्त गाव मोहिमेत (2007) सामोपचाराचे तत्त्व समान असले, तरी तेथे तडजोड ग्रामसमिती घडवते (→ लोकन्यायालय).