वेगवान मोटारींच्या ब्रेक चकत्या व पॅड

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर (रोटर) दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात व गाडीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणामुळे उष्णतेत रूपांतर होते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २०० किमी वेगाची गाडी थांबवताना ताशी १०० किमीच्या तुलनेत चौपट उष्णता निर्माण होते. त्यामुळे चकती व पॅडची निवड प्रामुख्याने उष्णतेच्या विचाराने केली जाते.

चकत्या

बहुतेक चकत्या बिडाच्या असतात. आतून हवेचे मार्ग असलेल्या चकत्या लवकर थंड होतात. छिद्रांमुळे वजन घटते, परंतु तीव्र उष्णतेत तेथून तडे जाऊ शकतात. म्हणून शर्यतीसाठी अनेकदा खाचांच्या चकत्या वापरतात. कार्बन-सिरॅमिक चकत्या बिडाच्या चकत्यांहून बऱ्याच हलक्या, पण महाग असतात. २००१ साली पोर्शे ९११ जीटी२ मध्ये त्या बसवण्यात आल्या.

पॅड

साधे पॅड अतितापल्यास घर्षण गमावतात. यास ‘ब्रेक फेड’ म्हणतात. शर्यतीचे पॅड उच्च तापमानात परिणामकारक असले, तरी थंड असताना त्यांची पकड कमी असते. त्यामुळे रोजच्या रस्त्यावर ते धोकादायक ठरू शकतात. ब्रेकद्रव उकळल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. हा दोष केवळ पॅड बदलून दूर होत नाही.