दूध आधी की जनुक आधी?

गरम दूध प्यायलो की तासाभरात माझं पोट गुडगुडायला लागतं. लहानपणी सुट्टीत रिद्धपूरला आजीकडे गेलो की मामा दुधाचा पेला पुढे करायचे, मी कारणं शोधायचो आणि भावंडं चिडवायची. आजी तेवढी माझ्या बाजूने. “काऊन जबरदस्ती करता बाप्पा? ताक पेते ना तो!” असं म्हणून ती विषय संपवायची. एम.एस्सी.ला जैवरसायनशास्त्र शिकताना कळलं की माझ्या पोटात बिघाड असा काही नाहीच. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांचं पोट असंच वागतं. मग प्रश्न उलटा झाला: बाकीच्यांना दूध पचतं तरी कसं?

या प्रश्नाचा इतिहास तुम्हाला मुद्दाम सांगतोय. संशोधनाची तयारी करताना ‘गृहीतक’ म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा इथे जास्त समजलं.

आजार कोणाचा?

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं एन्झाइम म्हणजे लॅक्टेज. तान्ह्या बाळाच्या लहान आतड्यात ते भरपूर असतं. दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होतं, इतर सस्तन प्राण्यांतही तसंच. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे दूध न पचणं हीच माणसाची मूळ अवस्था. तरी वैद्यकात ती बराच काळ उणीव समजली गेली, कारण मापदंड ठरला होता उत्तर युरोपीय वंशाच्या माणसांवरून, आणि त्यांच्यात बहुतेकांना दूध पचतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या डॉक्टरांनी निरोगी प्रौढांची तपासणी केली, तेव्हा दिसलं की कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्यांत हे एन्झाइम कमी आहे. अपवाद कोण आणि नियम कोण, हे तिथून उलटायला लागलं. पहिला धडा हाच: नमुना कोणाचा घेतला, यावर ‘सामान्य’ काय ते ठरतं.

सुटसुटीत गोष्ट

२००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी कारण शोधलं. लॅक्टेजच्या जनुकात बदल नव्हताच. त्यापासून सुमारे १४,००० अक्षरं दूर, शेजारच्या जनुकाच्या आत, एका ठिकाणी ‘सी’ऐवजी ‘टी’ होता. तेवढ्या एका अक्षराने लॅक्टेजचं बटण मोठेपणीही चालू राहतं. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत त्याच भागात, पण वेगळ्या अक्षरांवर झालेले बदल सापडले. काम तेच, वाट वेगळी.

यातून एक छान गोष्ट तयार झाली: माणसाने गुरं पाळली, दूध प्यायला सुरुवात केली, ज्यांना पचलं ते जास्त जगले, जनुक पसरलं. परीक्षेत हे लिहिलं तर पूर्ण गुण मिळतील. पण आता ती तपासू या.

भारतीय गाय, पाहुणं जनुक

वशिंडाची गाय भारतीय उपखंडातच, सिंधू खोऱ्याच्या परिसरात, साधारण ७,००० वर्षांपूर्वी माणसाळली. म्हणजे आपलं दूध-जनुकही इथेच, स्वतंत्रपणे निर्माण झालं असेल, असं वाटणं साहजिक आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपखंडातल्या २,२८४ जणांचे नमुने तपासले गेले. उत्तर आलं: जवळपास सगळीकडे तोच, युरोपात सापडणारा बदल, आणि त्याचं मूळही समान. त्याचं प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जातं. गाय इथली, जनुक मात्र पश्चिमेकडून आलेलं. मनाला पटणारं गृहीतक नमुन्यांपुढे टिकलं नाही.

मडकं काय सांगतं?

दुसरी तपासणी मातीच्या भांड्यांची. खापराच्या छिद्रांत शिरलेली चरबी हजारो वर्षं टिकते आणि तिच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून ती दुधाची की मांसाची, हे ओळखता येतं. कच्छमधल्या कोटडा भाडली या हडप्पाकालीन वस्तीतल्या खापरांत दुग्धजन्य चरबी सापडली. काळ इसवी सनपूर्व २५००च्या सुमाराचा. त्या वस्तीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं होतं.

युरोपात २०२२ मध्ये हजारो खापरं आणि प्राचीन डीएनए एकत्र मांडले गेले. दुधाचा वापर सुमारे ९,००० वर्षांपासून दिसतो. दूध पचवणारं जनुक मात्र इसवी सनपूर्व ४७००च्या सुमारास पहिल्यांदा दिसतं आणि इसवी सनपूर्व १०००च्या सुमारापर्यंत विरळच राहतं. म्हणजे हजारो वर्षं लोक जनुकाशिवाय दूध वापरत होते!

कसं? उत्तर वऱ्हाडातल्या कुठल्याही घरी मिळेल. विरजण लावलं की जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात, आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइम आपल्या आतड्यातही थोडी मदत करतं. ताकात पाणी घातलं की प्रमाण आणखी उतरतं. तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. पूर्णेच्या खोऱ्यातली पूर्णाथडी म्हैस असो की वर्ध्याकडची गवळाऊ गाय, वऱ्हाडाच्या उन्हात दूध टिकवायचं तर नासायच्या आत विरजायला किंवा आटवायला हवंच. आटवलेल्या खव्यात मात्र लॅक्टोज उलट दाटतं. तुपाच्या गोडाने मला काही होत नाही आणि पेढ्याने होतं, ते त्यामुळेच.

मग जनुक पसरलं का? २०२२च्या अभ्यासाचं म्हणणं असं की किती दूध वापरलं, यापेक्षा दुष्काळ आणि रोगराईच्या खुणांशी हा प्रसार जास्त जुळतो. निरोगी माणसाला दुधाने नुसता त्रास होतो. उपाशी किंवा आजारी माणसाला तोच जुलाब जिवावर बेतू शकतो. पण सांभाळा: हे प्रतिमान युरोपच्या माहितीवरचं आहे, ते जसंच्या तसं भारताला लावू नका.

तुमच्यासाठी

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली, असं होत नाही. क्रम तपासा. त्यासाठी स्वतंत्र साक्षीदार शोधा: एक जनुक, एक खापर, एक हाड.

हे लिहिताना रिद्धपूरचीच आठवण होते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा: गोष्ट जितकी सुटसुटीत, तितके जास्त साक्षीदार विचारा. माझ्या बाबतीत पहिली साक्षीदार आजी होती, आणि मला तिचं म्हणणं समजायला एम.एस्सी. करावी लागली.