मोबाईलपासून फोटोग्राफी व्यवसायापर्यंत : सुरुवात कशी करायची? (संपूर्ण माहिती)

इन्स्टाग्रामवर कासच्या फुलांचे दहा फोटो टाकले, दोनशे लाईक आले, तेव्हा मला वाटलं की झालो आपण फोटोग्राफर. पुढचे आठ महिने एक रुपयाही मिळाला नाही. लाईक करणारे लोक वेगळे असतात आणि पैसे देणारे वेगळे, हे समजायला मला तेवढा वेळ लागला. त्यानंतर कामं मिळाली, चुका झाल्या, आणि एक चूक तर अशी झाली की ती मी अजून विसरलेलो नाही. तीही या लेखात सांगणार आहे. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

क्रिएटिव्ह फोटोग्राफी व्यवसाय म्हणजे काय?

साध्या शब्दांत सांगायचं तर, दुसऱ्याच्या गरजेसाठी स्वतःच्या नजरेने फोटो काढून देणं आणि त्याचे पैसे घेणं. यात ढोबळमानाने चार प्रकारची कामं येतात.

• कार्यक्रम : लग्न, साखरपुडा, बारसं, प्री-वेडिंग.
• प्रॉडक्ट : दागिने, साड्या, मसाले, खाद्यपदार्थ. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना याची सतत गरज असते.
• पोर्ट्रेट : कलाकार, डॉक्टर, वकील, विद्यार्थी यांचे प्रोफाईल फोटो.
• स्टॉक : शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक अशा साईटवर फोटो ठेवणं. तिथे फोटो विकला गेला की ठरलेला वाटा आपल्याला मिळतो.

चारही एकदम सुरू करू नका. आपले गौतम राजाध्यक्ष चेहऱ्यांसाठीच ओळखले गेले आणि त्यांच्या पुस्तकाचं नावही ‘चेहरे’ असंच आहे. एका गोष्टीसाठी आपलं नाव लोकांच्या तोंडी बसलं की काम शोधत यायला लागतं. मी प्रॉडक्टपासून सुरुवात केली, कारण साताऱ्यात ओळखीच्या तीन काकू घरून साड्या आणि मसाले विकत होत्या.

कॅमेरा लागतोच का?

सुरुवातीला नाही. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो सुमारे १३ × १० इंचांपर्यंत चांगला छापता येतो. म्हणजे अल्बमचं पान मोबाईलवरही निघतं. मात्र या चार सवयी लावून घ्या.

१. फोटो काढण्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसा. अर्धे धुरकट फोटो बोटाच्या तेलकट डागामुळे येतात.
२. स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड लॉक करा.
३. बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.
४. ट्यूबलाईटऐवजी खिडकीचा उजेड वापरा. समोर पांढरा थर्माकोल धरला की सावली मऊ होते.

लग्नासारख्या कमी उजेडाच्या, धावपळीच्या कामाला मात्र कॅमेरा हवाच. विकत घेण्याआधी दोन-तीन कामं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करून बघा. शक्य असेल तर दोन कार्ड बसतील असाच कॅमेरा निवडा. त्याचं कारण पुढे कळेल.

रॉ आणि जेपीईजी : फरक काय?

जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने शिजवून दिलेलं ताट. रॉ म्हणजे कच्चा माल, तो तुम्ही शिजवायचा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवल्या जातात, तर १२ बिटच्या रॉ फाईलमध्ये ४०९६. म्हणून काळवंडलेला चेहरा रॉमध्ये पुष्कळदा वाचवता येतो. रॉची फाईल बरीच मोठी असते, त्यामुळे कार्ड लवकर भरतं. एडिटिंगसाठी मोबाईलवर स्नॅपसीड मोफत आहे. लाईटरूमच्या मोफत आवृत्तीतही सुरुवातीचं काम भागतं.

फोटो पाठवताना बहुतेक जण एक चूक करतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो. ग्राहकाने तोच छापायला दिला तर नाव आपलं खराब होतं. म्हणून छापायची फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राईव्हची लिंक द्या. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० चा उभा फोटो छान दिसतो, पण तोच चांगल्या छपाईत जेमतेम साडेतीन-साडेचार इंचांचा होतो. त्यामुळे स्क्रीनसाठी एक आणि छपाईसाठी एक अशा दोन वेगळ्या फाईल ग्राहकाला द्या.

ऑनलाईन ओळख कशी तयार करायची?

• पोर्टफोलिओत जास्तीत जास्त २० फोटो ठेवा. एकविसावा चांगला आला तर जुन्यातला एक काढा. बघणारा तुमच्या सर्वांत कच्च्या फोटोवरून अंदाज बांधतो.
• बायोमध्ये काम आणि गाव स्पष्ट लिहा. ‘क्षण जपणारा’ यापेक्षा ‘प्रॉडक्ट फोटोग्राफर, सातारा’ लिहिलं तर लोकांना तुम्ही सापडता.
• गूगल बिझनेस प्रोफाईल मोफत आहे. गावात ‘जवळचा फोटोग्राफर’ शोधणाऱ्यांना तिथूनच नाव दिसतं. काम झाल्यावर ग्राहकाला रिव्ह्यू लिहायला सांगा, लाजू नका.
• अकाउंटला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. अकाउंट गेलं तर तुमचं दुकानच गेलं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या फोटोग्राफरांशी मैत्री करा. माझी पहिली पाच लग्नं ही माझी नव्हती, एका सीनियर दादांची होती. मी त्यांचा दुसरा फोटोग्राफर म्हणून जायचो. मेकअप करणाऱ्या ताई, मेहंदी काढणाऱ्या मुली, डेकोरेशनवाले यांना त्यांच्या कामाचे चांगले फोटो द्या आणि पोस्टमध्ये त्यांना टॅग करा. तेही तुम्हाला टॅग करतात. माझी निम्म्याहून जास्त कामं आजही याच साखळीतून येतात, जाहिरातीतून नाही.

दर कसा ठरवायचा?

पहिल्या साखरपुड्याचे मी २५०० रुपये घेतले आणि खूश झालो. नंतर वहीत हिशोब मांडला तो असा :

• साधनं ६०,००० रुपयांची. ती ३ वर्षं, वर्षाला ४० कामं धरली तर प्रत्येक कामामागे ५०० रुपये.
• प्रवास : ६०० रुपये.
• मदतनीस : १००० रुपये.
• इंटरनेट, स्टोरेज वगैरे : ३०० रुपये.
• माझा वेळ : शूटचे ५ तास आणि एडिटिंगचे ९ तास, म्हणजे १४ तास. तासाला २०० रुपये धरले तरी २८०० रुपये.

बेरीज ५२०० रुपये. खर्चाचेच २४०० रुपये होते, म्हणजे २५०० घेऊन माझ्या १४ तासांच्या मेहनतीला मिळाले फक्त १०० रुपये! तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशोब एकदा कराच. शूटच्या वेळेपेक्षा एडिटिंगची वेळ जास्त असते आणि नवीन मुलं तीच विसरतात.

बॅकअप : माझी न विसरता येणारी चूक

आता ती गोष्ट. एका साखरपुड्याहून रात्री उशिरा आलो. कार्ड लॅपटॉपला लावून कॉपी सुरू केली आणि झोपलो. मध्येच कार्ड रीडर सैल झाला असावा, कॉपी अर्धवट थांबली. सकाळी फोल्डर दिसलं, उघडून बघितलं, पहिले फोटो होते. मी मोजले नाहीत. कार्ड फॉरमॅट केलं आणि त्याच कार्डवर दुसऱ्या कामाचे तीन तास फोटो काढले.

संध्याकाळी एडिटिंगला बसलो तेव्हा ६४० पैकी २१२ फोटो होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने आणखी काही परत मिळाले. पण नवरीचे आजोबा खुर्चीत बसून दोघांना आशीर्वाद देतात, ते फोटो गेले ते गेलेच. ते आजारपणातून मुद्दाम गावाहून आले होते.

मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं आणि सगळे पैसे परत ठेवले. नवरीचे वडील एवढंच म्हणाले, “पैसे राहू देत रे. फोटो येणार आहेत का परत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांनी आजोबा गेले. भिंतीवर लावायला जो फोटो मिळाला, तो एका चुलत भावाच्या मोबाईलमधला, हललेला.

त्या दिवसापासून मी ३-२-१ हा नियम पाळतो. पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे : प्रत्येक फाईलच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर, म्हणजे क्लाऊडवर किंवा दुसऱ्या घरी. त्यात माझे तीन नियम मी जोडलेत.

१. कार्डवरचे फोटो आणि लॅपटॉपवरचे फोटो यांची संख्या जुळली पाहिजे. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघायचा.
२. ग्राहकाला फोटो मिळाले असं त्याने कळवेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दोन कार्ड जास्त घ्या, ती फार महाग नसतात.
३. चुकून फोटो उडाले तर त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढायचा नाही. जुना डेटा लगेच पुसला जात नाही, पण नवा फोटो त्याच्यावर लिहिला गेला की तो परत येत नाही. माझं नेमकं तेच झालं.

गूगल फोटोजवर पूर्वी अमर्याद मोफत जागा होती, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल आणि ड्राईव्ह धरून १५ जीबीच मोफत मिळतात. व्यवसायासाठी ते पुरत नाहीत, म्हणून हार्ड डिस्कचा खर्च दरात धरा.

फोटो कोणाचा? हक्क आणि परवानगी

इथे बरेच जण चकतात. भारताच्या कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, स्वतःच्या मर्जीने काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर असतो. पण कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो! म्हणून ‘फोटो माझ्या पोर्टफोलिओत वापरता येतील का, हक्क कोणाकडे राहतील’ हे आधीच लेखी ठरवा. एका पानाचा साधा कागद चालतो. त्यात तारीख, काम, रक्कम, फोटो द्यायची मुदत आणि रद्द झाल्यास काय, हेही लिहा.

माझा पावसातला अजिंक्यताऱ्याचा फोटो एका दुकानाने न विचारता फ्लेक्सवर छापला होता. तो मी स्वतःसाठी काढलेला आणि मूळ रॉ फाईल माझ्याकडे होती. ती दाखवल्यावर त्यांनी पैसे दिले. मूळ फाईल हा तुमचा पुरावा आहे, जपून ठेवा. इन्स्टाग्रामवर कोणी फोटो चोरला तर कॉपीराईट तक्रारीचा फॉर्म भरता येतो.

• ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो जाहिरातीला किंवा स्टॉक साईटला द्यायचा तर तिची लेखी संमती घ्या. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची.
• संरक्षित किल्ले आणि स्मारकांवर व्यावसायिक शूटला परवानगी लागते. आधी विचारा, मग गाड्या भरा.
• ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन पैशाच्या कामासाठी उडवायचा तर लागतं. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तो भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोंदणी करावी लागते का?
उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि मोफत आहे, आधार नंबर लागतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती सरकारी साईट नाही. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

ॲडव्हान्स घ्यावा का?
हो, तारीख बुक करतानाच. फक्त एक लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

फोटोसोबत लोकेशन जातं का?
जाऊ शकतं. फोटोच्या एक्झिफ माहितीत जीपीएस असतं. घरी केलेल्या शूटच्या मूळ फाईल देताना ते काढून टाका.

एआयमुळे हे काम संपेल का?
साध्या प्रॉडक्ट फोटोंवर परिणाम होतोय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साखरपुड्यात आजोबा खरोखर कसे हसले, ते एआय सांगू शकत नाही. त्यासाठी तिथे कोणीतरी उभं असावं लागतं, आणि त्याने फाईल नीट सांभाळावी लागते.

तर मित्रांनो, आज एकच करा. मोबाईलमधले तुमचे सर्वांत चांगले २० फोटो निवडा आणि त्यांच्या तीन प्रती करा. तुमचा पोर्टफोलिओ आणि तुमचा बॅकअप, दोन्ही एकाच संध्याकाळी सुरू होतील.