लहान मुलांसाठी जुनी सायकल घेताना काय पाहावं? माप, तपासणी आणि व्यवहार

चार-पाच वर्षांचं मूल सायकलसाठी हट्ट धरतं, तेव्हा घरात बहुतेकदा दोनच पर्याय पुढे येतात. एक तर नवी सायकल, तीही 'दोन वर्षं पुरेल' म्हणून एक माप मोठी. नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली जुनी सायकल, मग तिचं माप काहीही असो.

कळवणसारख्या तालुक्याच्या गावात निवड आणखी कमी होते. नाशिक ७५ ते ८० किलोमीटरवर, त्यामुळे मोठ्या दुकानात मुलाला बसवून चार सायकली पाहणं सगळ्यांना जमत नाही. मात्र नीट पारख केली, तर शिकणाऱ्या मुलासाठी जुनी सायकल हा चांगला पर्याय ठरतो. या वयात एक माप साधारण दोन वर्षांतच लहान होतं. नव्या सायकलवर मोठी रक्कम घातली की पालक ती पुरवायला बघतात आणि मोठं माप घेतात. जुनी स्वस्त पडते, म्हणून आज बसणारं माप घेणं परवडतं.

माप कसं ठरवायचं?

लहान मुलांच्या सायकली चाकाच्या आकारावरून ओळखल्या जातात. हा आकार इंचात असतो. साधारण अंदाज असा :

- १२ इंच : अडीच ते ४ वर्षं, उंची ८५ ते १०० सेंमी
- १४ इंच : ३ ते ५ वर्षं, उंची ९५ ते ११० सेंमी
- १६ इंच : ४ ते ६ वर्षं, उंची १०५ ते १२० सेंमी
- २० इंच : ६ ते ९ वर्षं, उंची ११५ ते १३५ सेंमी

वय फक्त अंदाजापुरतं. खरं माप पायाचं. मुलाला चप्पल काढून भिंतीला टेकून उभं करा. दोन पायांमध्ये एक वही आडवी धरून वर सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. सायकलची सीट पूर्ण खाली केल्यावर तिची उंची या मापाइतकी किंवा थोडी कमी हवी. म्हणजे सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. फक्त बोटं टेकत असतील, तर शिकण्यासाठी ती सायकल मोठी आहे.

शिकणाऱ्या मुलाचा पहिला ब्रेक म्हणजे त्याचे पाय. तोल गेला की ते पाय टेकवतं. पाय पोहोचत नसतील तर ते पडतं, आणि एकदा भीती बसली की सायकल कोपऱ्यात जाते.

'आम्ही तर मोठ्या सायकलवरच कैची मारत शिकलो' हे घरोघरी ऐकायला मिळतं. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारी ती मुलं बहुतेक आठ-दहा वर्षांची असायची आणि उभ्यानेच सायकल चालवायची. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगात तेवढा जोर नसतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ताईची अशी सायकल घरात असली, तरी धाकट्याला शिकवायला ती उपयोगाची नाही.

वजन का महत्त्वाचं?

पाच वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १८ किलो असतं. सायकल १२ किलोची असेल, तर ती त्याच्या वजनाच्या दोन तृतीयांश झाली. मोठ्या माणसाला ४० किलोची सायकल दिल्यासारखंच हे आहे. म्हणून एका हाताने उचलून पाहा. दोन सायकलींत इतर सगळं सारखं असेल, तर हलकी घ्या. जड कॅरिअर, पुढची टोपली, स्टँड काढून टाकले तरी वजन बरंच उतरतं.

तपासणी कुठून सुरू करायची?

रंग उडालेला असला, वरवर गंज असला तर बिघडत नाही. पुढील गोष्टी मात्र नीट पाहा.

फ्रेम आणि फोर्क : हँडलखाली नळ्या जिथे जोडल्या आहेत, तिथे तडा किंवा नव्याने मारलेलं वेल्डिंग दिसलं तर सायकल घेऊ नका. बाजूने पाहताना पुढचा फोर्क मागे दबलेला दिसला, तर ती कुठेतरी जोरात धडकलेली आहे.

चाकं : सायकल उचलून चाक फिरवा. ते ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासत असेल, तर चाकाला आउट आहे. थोडा आउट मिस्त्री तारा आवळून काढून देतात. रिमच वाकली असेल तर खर्च वाढतो.

ब्रेक : मुलाची बोटं लिव्हरपर्यंत पोहोचतात का आणि त्याच्या जोराने चाक थांबतं का, हे त्यालाच दाबायला लावून पाहा. मोठ्यांनी दाबून पाहिलेला ब्रेक इथे धरायचा नाही.

हँडलची टोकं : दोन्ही मुठींची रबरं शाबूत हवीत. रबर फाटून उघडी पडलेली नळी पडताना पोटात घुसू शकते आणि आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. नवं रबर स्वस्तात मिळतं, ते लगेच बसवा.

सीटचा दांडा : तो वर-खाली होतो का पाहा. गंजून अडकला असेल तर माप बदलता येणार नाही.

टायर आणि चेन : वर्षानुवर्षं उभ्या सायकलचे टायर बाजूने चिरतात. ते बदलावेच लागतात. चेनवर कव्हर हवं, नाहीतर पँटचा पाय अडकतो.

किंमत कशी ठरवायची?

आधी त्याच मापाच्या नव्या सायकलचा भाव विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या पावतीवरचा भाव धरू नका. मग जुनीच्या किमतीत टायर, ट्यूब, ब्रेक रबर आणि ओव्हरहॉलिंग, म्हणजे बोलीभाषेतलं 'ओव्हरऑइल', यांचा खर्च मिळवा. बेरीज नव्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली, तर नवीचा विचार करा.

कुठे शोधायची?

पहिली चौकशी शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि नात्यात करा. दुसरी मोठी झालेली मुलं असलेल्या घरांत सायकल बहुधा पडून असते. दुसरी चौकशी सायकल दुरुस्तीच्या दुकानात. कुणाकडे काय विकायला आहे हे मिस्त्रींना ठाऊक असतं, आणि ठरलेली सायकल त्यांना दाखवूनही घेता येते. देवळा, सटाणा किंवा मालेगावला काही कामाने जाणं झालं, तर तिथल्या दुकानांतही विचारता येईल.

ओएलएक्स किंवा फेसबुकवर जाहिरात पाहिली, तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. 'सैन्यात आहे, बदली झाली, आधी थोडे पैसे टाका' हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

सायकलला आरसी बुक नसतं. म्हणून मूळ पावती मागा. ती नसेल तर विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम आणि फ्रेमवरचा नंबर कागदावर लिहून सही घ्या. हा नंबर बहुधा पायडलच्या जोडाखाली कोरलेला असतो. माल चोरीचा आहे हे माहीत असताना तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

आधाराची छोटी चाकं लावावीत का?

दोन चाकांची सायकल वळताना वळणाच्या बाजूला कलते. बाजूची छोटी चाकं तिला कलू देत नाहीत. त्यामुळे मूल पायडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. ती चाकं काढली की शिकणं पुन्हा सुरू होतं.

त्यापेक्षा दोन्ही पायडल काढून ठेवा आणि मुलाला पायांनी जमीन ढकलत जाऊ द्या. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेलं दुचाकी यंत्र असंच चालायचं, त्याला पायडल नव्हतीच. बहुतेक पायडलना १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं उलटं फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावं लागतं. मूल पाय उचलून पाच-सहा सेकंद सरळ जाऊ लागलं की पायडल परत बसवा.

सराव शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या जागेत घ्या. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर आणि पिकअपची वर्दळ असलेला रस्ता नवशिक्यासाठी नाही. मातीत बाभळीचे काटे असतात, म्हणून परतल्यावर टायरवर एकदा हात फिरवा.

सीट वर करायला जागा उरली नाही आणि गुडघे हँडलला लागू लागले, की सायकल लहान झाली असं समजा. तेव्हा ती माळ्यावर न टाकता तेल घालून पुढच्या घरी द्या. गावात कुणीतरी तेच माप शोधत असतं.