मेंढीपालकांसाठी शासकीय अर्थसाहाय्य : योजना, अटी आणि कळपाचे आरोग्य

देशात २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार मेंढ्यांची संख्या सुमारे ७ कोटी ४३ लाख असून २०१२ च्या तुलनेत ती १४ टक्क्यांनी वाढली आहे. तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि राजस्थान ही यात आघाडीवरील राज्ये आहेत. महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्यांची नोंद झाली. या व्यवसायावर प्रामुख्याने धनगर, कुरुबा, गोल्ला, कुरुमा, रायका अशा पशुपालक समाजांचा उदरनिर्वाह चालतो. त्यांना दिले जाणारे शासकीय अर्थसाहाय्य कळपाची खरेदी, रोगप्रतिबंध, विमा आणि चराई अशा चार बाबींसाठी असते.

कळपाच्या खरेदीसाठी अनुदान

केंद्र सरकारचे राष्ट्रीय पशुधन अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्याची फेररचना करण्यात आली. त्यातील उद्योजकता विकास घटकाखाली शेळी-मेंढी पैदास प्रकल्पाच्या भांडवली खर्चावर ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. १०० मेंढ्या आणि ५ नर अशा सर्वांत लहान प्रकल्पासाठी अनुदानाची कमाल मर्यादा १० लाख रुपये, तर ५०० मेंढ्या आणि २५ नर अशा सर्वांत मोठ्या प्रकल्पासाठी ५० लाख रुपये आहे. अनुदान दोन समान हप्त्यांत मिळते. व्यक्ती, बचत गट आणि शेतकरी उत्पादक संस्था यासाठी अर्ज करू शकतात. उर्वरित रक्कम बँकेचे कर्ज किंवा स्वतःचे भांडवल यांतून उभी करावी लागते. प्रकल्पासाठी स्वतःच्या मालकीची अथवा भाडेपट्ट्याची जमीनही दाखवावी लागते.

तेलंगणा सरकारने २०१७ मध्ये पारंपरिक मेंढपाळ समाजांतील कुटुंबांना २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्यास प्रारंभ केला. गटाची किंमत आरंभी सव्वा लाख रुपये होती. यासाठी शेजारच्या राज्यांतूनही मेंढ्या खरेदी करण्यात आल्या. २०१९ च्या पशुगणनेत तेलंगणाने पहिले स्थान मिळवले. मात्र, पुढे या वाटपातील गैरव्यवहाराच्या तक्रारी पुढे आल्या आणि २०२४ मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तपास हाती घेतला.

महाराष्ट्रातील महामेष योजना

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू केली. भटक्या जमाती (क) या प्रवर्गातील मेंढपाळांसाठी असलेली ही योजना पुणे येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत राबवली जाते. स्थायी आणि स्थलांतरित अशा दोन्ही पद्धतींच्या मेंढीपालनासाठी २० मेंढ्या व १ मेंढानर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची त्यात तरतूद आहे. सुधारित जातीचे नर, पायाभूत सुविधा आणि संतुलित खाद्य यांसाठीही स्वतंत्र अनुदान आहे.

या योजनेला जोडून आलेले चराई अनुदान वेगळ्या स्वरूपाचे आहे. किमान २० मेंढ्या व १ मेंढानर असलेल्या कुटुंबाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६ हजार, म्हणजे एकूण २४ हजार रुपये देण्याची तरतूद त्यात आहे. या चार महिन्यांच्या निवडीमागे मेंढपाळांचे ऋतुचक्र आहे. दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक वाडे कोकणाकडे किंवा अन्य जिल्ह्यांकडे निघतात. पिके निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवल्या जातात, त्यातून शेतकऱ्याला खत आणि मेंढपाळाला धान्य वा पैसे मिळतात. पावसाळ्यापूर्वी वाडे गावी परततात, तेव्हा शेते पेरलेली असतात आणि वनक्षेत्रातील चराईवर निर्बंध असतात. कळपाचे सर्वांत अडचणीचे दिवस हेच.

लसीकरण आणि विमा

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा अत्यंत संसर्गजन्य व घातक रोग भारतात प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. २०३० पर्यंत त्याचे जगातून निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी ठेवले आहे. या रोगाची लस एकदा टोचल्यास किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. लाळ्या खुरकूत रोगाविरुद्ध २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मेंढ्यांचाही समावेश असून त्याचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार उचलते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी देणे हितावह असते, कारण कोवळे गवत अधिक खाल्ल्याने हा रोग बळावतो.

पशुधन विम्याच्या हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा फेब्रुवारी २०२४ मधील केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने १५ टक्क्यांवर आणण्यात आला. उर्वरित रक्कम केंद्र आणि राज्ये भरतात. त्याच निर्णयानुसार शेळ्या-मेंढ्यांसाठी विम्याची मर्यादा ५ वरून १० पशुघटकांपर्यंत वाढवण्यात आली. १० मेंढ्यांचा एक पशुघटक धरला जातो, त्यामुळे १०० मेंढ्यांपर्यंत संरक्षण मिळू शकते. मात्र, मेंढीच्या कानात ओळखबिल्ला असणे बंधनकारक आहे. मेंढी दगावल्यास विमा कंपनीला तातडीने कळवावे लागते आणि पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सादर करावे लागते.

फिरत्या कळपांची अडचण

बहुतेक योजनांमध्ये लाभार्थी एका गावचा रहिवासी मानला जातो. स्थलांतरित मेंढपाळ मात्र वर्षातील अनेक महिने गावाबाहेर असतो. अर्ज मागवले जातात तेव्हा वाडा दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो, गावात लसीकरण होते तेव्हा कळप रानात असू शकतो. परक्या तालुक्यात मेंढी दगावली, तर शवविच्छेदनासाठी पशुवैद्यक वेळेत मिळेलच असे नाही. जमिनीचा दाखला आणि कर्जाची हमी या अटी तर भूमिहीन मेंढपाळाला सहसा पूर्ण करता येत नाहीत. परिणामी, भांडवली अनुदानाची मोठी रक्कम जमीन असलेल्या नव्या उद्योजकाच्या आवाक्यात येते आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारा मागे राहतो.

चराईच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा पारंपरिक, ऋतुमानानुसार होणारा चराईचा हक्क मान्य केला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अनुदानातून मिळालेल्या २० मेंढ्या पुढील पावसाळ्यापर्यंत जगवायच्या, तर लस, चारा आणि चराईची वाट या तिन्ही गोष्टी कळप असेल तेथे उपलब्ध व्हाव्या लागतील.