एक जानेवारीची चवळी

चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय होता 'परदेशी ताटातले भारतीय शब्द'. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सहकारी सोसायटीत हिशेब लिहिता लिहिता वाचनाचा नाद लागला आणि पन्नाशी उलटली तरी तो सुटलेला नाही. त्या संध्याकाळी मी एक गोष्ट जरा चढ्या आवाजात सांगितली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १ जानेवारीला चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून खातात. त्याने वर्ष भाग्याचं जातं अशी तिथली श्रद्धा आहे. या पदार्थाला 'हॉपिन जॉन' म्हणतात आणि या नावात आपला 'भात' दडलेला आहे, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेत बसलेले एक निवृत्त कृषी सहायक जवळ आले. म्हणाले, "भाऊ, शब्द आपला गेला म्हणालात, ऐकून बरं वाटलं. पण चवळी कुठली? ती तरी आपली आहे का?"

मी म्हटलं, "बघून सांगतो, साहेब." हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

शर्मनच्या सैन्याची गोष्ट

या पदार्थाची ओळख मला पुस्तकाच्या आधी फोनवर झाली. माझी भाची अटलांटाला असते. एका नववर्षाच्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, शेजारच्या काकूंनी वाडगाभर चवळीभात दिला. चार घास तरी खाच म्हणाल्या." सोबत पालेभाजी आणि मक्याचा पाव होता. पालेभाजी म्हणजे हिरव्या नोटा, मक्याचा पाव म्हणजे सोनं आणि चवळी म्हणजे नाणी, असा हिशेब. उरलेला भात दुसऱ्या दिवशी खाल्ला तर त्याला 'स्किपिन जेनी' म्हणायचं. काटकसरीने राहिलं की वर्ष भरभराटीचं जातं, हा त्यातला अर्थ.

हे कशामुळे सुरू झालं, याची एक गोष्ट तिला कचेरीत ऐकायला मिळाली होती आणि ती तिकडे सर्रास सांगितली जाते. यादवी युद्धात, १८६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, उत्तरेचा सेनापती विल्यम शर्मन अटलांटाहून सव्हानाच्या समुद्रापर्यंत जॉर्जिया राज्य उद्ध्वस्त करत गेला. त्याच्या सैनिकांनी धान्य लुटलं, पण चवळी ही गुरांची वैरण समजून मागे सोडली. दक्षिणेतले लोक त्या चवळीवर जगले आणि तेव्हापासून ती भाग्याची ठरली.

गोष्ट गोड आहे, पण नोंदींशी ताडून पाहिली तर टिकत नाही. या स्वारीआधी, ९ नोव्हेंबर १८६४ रोजी, शर्मनने काढलेला १२० क्रमांकाचा हुकूम उपलब्ध आहे. वाटेतल्या मुलखातून सढळ हाताने रसद गोळा करा, गाड्यांवर माणसांचा किमान दहा दिवसांचा शिधा आणि जनावरांची तीन दिवसांची वैरण कायम ठेवा, असं त्यात आहे. साठ हजारांच्या आसपास माणसं आणि हजारो घोडे-खेचरं घेऊन निघालेल्या फौजेला वैरण धान्याइतकीच मोलाची होती. जी वस्तू वैरण वाटली, ती हे लोक सोडून कशी देतील?

दुसरी गोष्ट तारखांची. १८४७ साली चार्ल्स्टनच्या सारा रटलेज या बाईंनी 'द कॅरोलिना हाउसवाइफ' हे पाकपुस्तक काढलं. त्यात 'हॉपिंग जॉन'ची कृती आहे: एक पौंड खारवलेलं डुकराचं मांस, लाल चवळी आणि तितक्याच मापाचे तांदूळ. म्हणजे शर्मनच्या सतरा वर्षं आधी हा पदार्थ मालकांच्या घरच्या पुस्तकात जाऊन बसला होता. १८६३ साली व्हिक्सबर्गच्या वेढ्यात अडकलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना चवळीच्या पिठाचा पाव खावा लागला होता. तेव्हा चवळी माणसांनी खायची असते, हे कळायला त्यांना शर्मनची गरज नव्हती.

मला या दंतकथेत खटकतं ते वेगळंच. तिच्यात सैनिक आहेत, लुटले गेलेले मळेवाले आहेत. पण चवळी पेरणारा, खुडणारा आणि शिजवणारा माणूस कुठेच नाही.

नावाचा मोह

आता माझ्या टाळ्यांकडे वळतो. 'भाता'ची कल्पना माझी नव्हती. कॅरन हेस या अमेरिकेतल्या अन्नेतिहासाच्या साक्षेपी अभ्यासक. त्यांच्या 'द कॅरोलिना राइस किचन' (१९९२) या ग्रंथात तांदूळ पिकवण्याची आणि शिजवण्याची कॅरोलिनाची विद्या आफ्रिकी गुलामांनी आणली, हे मांडलं आहे. 'हॉपिन जॉन' या नावाचा माग काढताना त्यांनी भात या अर्थाचा भारतीय शब्द आणि शेंगवर्गी दाण्यांना मलय भाषेत असलेला 'काचांग' हा शब्द, अशी जोडी सुचवली. दुसरा एक तर्क कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच भाषेतल्या तुरीच्या नावाचा आहे. 'प्वा पिझों' हे तोंडातल्या तोंडात म्हटलं की 'हॉपिन जॉन'च्या जवळ जातं.

हे दोन्ही तर्कच आहेत. हेसबाईंनी तर्क म्हणून लिहिलं, मी व्यासपीठावरून निकाल म्हणून सांगितलं. आपल्याकडचा शब्द जगभर फिरून आल्याचं ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडलं. पण त्यामुळे मी नावापाशीच थांबलो, वाडग्यात काय आहे ते पाहिलंच नाही.

वाडग्यात काय आहे?

वाडग्यात चवळी आहे आणि ती आफ्रिकेची. तिचे रानटी नातलग आफ्रिकेत आहेत आणि माणसाने ती तिथेच पिकाखाली आणली. घानाच्या मध्यभागातल्या किंताम्पो संस्कृतीच्या स्थळांवर साडेतीन हजार वर्षांहून जुने लागवडीच्या चवळीचे जळके दाणे सापडले आहेत. भारतात ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात पोचली आणि इथे इतकी रुजली की आपल्याला ती माहेरचीच वाटते. गोव्यात तिच्या एका जातीला अळसांदे म्हणतात, घाटावर ती बाजरीच्या ओळींमध्ये पेरतात, कोकणात भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर घेतात. साहेबांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे: चवळी आपली आहे, पण आपण तिचे पहिले धनी नाही.

अमेरिकेला मात्र ती गुलामांच्या जहाजांमधून गेली. न कुजता महिनोन्‌महिने टिकणारे दाणे या जहाजांच्या शिध्यात असत. उरलेले दाणे आणि ते रुजवायची माहिती असलेली माणसं, दोन्ही एकाच जहाजातून उतरली. ज्युडिथ कार्नी आणि रिचर्ड रोझोमॉफ यांनी 'इन द शॅडो ऑफ स्लेव्हरी' (२००९) या ग्रंथात या बियांचा प्रवास सविस्तर लिहिला आहे. मळ्यावरच्या कामातून उरलेल्या वेळात झोपडीमागच्या तुकड्यावर गुलाम माणसं ही पिकं घेत. रेताड, निकस जमिनीत, पाऊस कमी झाला तरी चवळी येते; मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे जमीनही सुधारते.

चवळी आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवणं हीसुद्धा पश्चिम आफ्रिकेची रीत आहे. घानात त्याला 'वाचे' म्हणतात, सेनेगलमध्ये 'चेबू न्येबे'. भिजवून सोललेल्या चवळीचे वडे योरुबा लोक 'अकारा' म्हणून तळतात. तेच ब्राझीलमध्ये 'अकाराजे' झाले. योरुबा समाजात जुळ्या मुलांना दैवी मानतात आणि त्यांच्या नावाने चवळी रांधतात. म्हणजे चवळीला शुभ मानण्याची बीजंही त्या किनाऱ्यावर होतीच.

इथे जाणकार वाचक ज्यूंच्या परंपरेची आठवण करून देतील आणि ते योग्यच आहे. बॅबिलोनी तालमूदमध्ये अबाय्ये या धर्मपंडिताने वर्षारंभी काही ठरावीक वस्तू समोर ठेवाव्यात असं सांगितलं आहे. त्यांत 'रुबिया' आहे. हा शब्द 'वाढणे' या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. अनेक सेफार्दी घरांत रुबिया म्हणजे चवळी, आणि ती रोश हशानाला खातात. १७३३ साली सव्हानामध्ये ज्यूंची एक तुकडी उतरली होती, म्हणून प्रथा त्यांच्यापासून आली असं काहीजण मानतात. पण रोश हशाना शरद ऋतूत येतो, आणि डुकराचं मांस घातलेला भात काही ज्यूंच्या घरातून आलेला नाही. शिजून दुप्पट फुगणाऱ्या दाण्यात समृद्धी दिसणं, हे दोन समाजांना स्वतंत्रपणेही सुचू शकतं.

तो दिवस कोणता होता?

मग १ जानेवारी का? इथे मी सगळ्यात जास्त अडखळलो. हॅरिएट जेकब्स या गुलामीतून निसटलेल्या बाईंचं आत्मकथन १८६१ साली प्रसिद्ध झालं. त्यातलं एक प्रकरण गुलामांच्या नववर्षदिनावर आहे. दक्षिणेत १ जानेवारी हा गुलामांना वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा दिवस होता. विक्रीही त्या सुमारास होई. मालकांच्या घरी शुभेच्छा चालत, तेव्हा गुलाम आई मुलांकडे पाहत रात्र काढत असे, कारण सकाळी कोण कुठे जाईल याचा नेम नसे. आपली सातही मुलं लिलावात नेली गेलेल्या एका आईविषयी जेकब्सनी लिहिलं आहे. ते पान वाचल्यावर मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही.

मग तारीख बदलली नाही, पण तिचा अर्थ बदलला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अंमलात आला. आदल्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागत बसले. ती जागरणाची रात्र आजही पाळली जाते. साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टजवळच्या छावणीत त्या दिवशी जाहीरनामा वाचला गेला. तिथे हजर असलेले कर्नल हिगिन्सन यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मोठ्या आशेने मी त्यात चवळी शोधली. मेजवानीत भाजलेले बैल आहेत, काकवी घातलेलं पाणी आहे, चवळी नाही. या वेळी मी ती माझ्या पदरची घातली नाही.

एवढं मात्र म्हणता येतं. ज्या घरांत हा भात शिजत होता, त्याच घरांना १ जानेवारी म्हणजे काय हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. त्या दिवशी सगळं घर एका भांड्याभोवती बसलेलं असणं, याहून मोठं भाग्य त्यांच्यासाठी कोणतं? नाणी आणि नोटांचा हिशेब मला नंतरचा वाटतो. पुढे टेक्सासमधल्या अथेन्स गावच्या चवळी डबाबंद करणाऱ्यांनी नववर्षाच्या शकुनाची जाहिरात केली, हेलन कॉर्बिट यांनी तिची कोशिंबीर केली, ती 'टेक्सास कॅव्हियर' म्हणून श्रीमंतांच्या मेजवान्यांत गेली. बाजार शकुन पसरवतो. तो निर्माण झाला दुसरीकडे.

कार्व्हर आणि सॅपेलो

मराठी वाचकाला या कथेतलं एक माणूस चांगलं परिचयाचं आहे. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या घरचेच झाले. आपण त्यांना शेंगदाण्यासाठी ओळखतो. पण टस्कीगी संस्थेतून त्यांनी १९०३ साली चवळीच्या पिकावर आणि १९०८ साली चवळी कशी शिजवावी यावर पुस्तिका काढल्या. कापसाने पिळून काढलेली जमीन आणि कर्जाने पिळलेला शेतकरी, दोघांनाही सावरणारं पीक म्हणून ते चवळीकडे पाहत होते. गुलामीत जन्मलेल्या माणसाने गुलामांच्या धान्याला दिलेला हा मान आहे.

जॉर्जियाच्या सॅपेलो बेटावर मुक्त गुलामांच्या वंशजांची हॉग हॅमक ही छोटी वस्ती आहे. जमिनींना भाव आला, घरपट्ट्या वाढल्या, जुन्या कुटुंबांना जागा राखणं अवघड झालं. तेव्हा तिथल्या इतिहासाच्या जाणत्या कॉर्नेलिया वॉकर बेली (निधन २०१७) यांनी बेटावरची पिढीजात लाल चवळी विकण्यासाठी पिकवायचं ठरवलं, म्हणजे त्या पैशातून जमीन राहील. चवळी आणि भाग्य यांचा याहून थेट संबंध मला कुठल्याही पुस्तकात दिसला नाही.

उलटा प्रवास

शेवटी एक छोटी गोष्ट. चार्ल्स्टनमध्ये 'बेने' नावाच्या दाण्याची पातळ बिस्किटं मिळतात आणि तो दाणाही शुभ मानतात. 'बेने' हा पश्चिम आफ्रिकेतला शब्द. दाणा म्हणजे आपला तीळ. तीळ हे भारतीय उपखंडात पिकाखाली आलेलं धान्य. ते आफ्रिकेत गेलं आणि तिथून चवळीच्याच वाटेने, त्याच माणसांबरोबर कॅरोलिनात पोचलं. आपण मात्र भोगीला तीळ लावलेली भाकरी थापतो ती बाजरीची, आणि बाजरी आली आफ्रिकेतून.

गेल्या भोगीला मी त्या कृषी सहायकांच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे तुमचा भात रद्द?"

"रद्द नाही साहेब, अनामत खात्यावर टाकलाय. पावती मिळाली तर वळता करू."

ते हसले आणि त्यांनी आत आवाज दिला, "अहो, भाऊंनाही ताट वाढा." ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आली. माझ्या व्याख्यानाच्या वहीत ते जुनं वाक्य अजून आहे. हिशेबात चुकलेली नोंद खोडायची नसते, खाली दुरुस्तीची नोंद करायची असते. ती मी केली आहे: दाणा आफ्रिकेचा, रीत आफ्रिकेची, शिजवणारे हात त्यांचेच.