गोंगाटांतील वाणी

गोंगाटांत सांपडलेल्या माणसाचा आवाज नकळत चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं ही गोष्ट शास्त्रीय रीतीनें मांडली. वाचीत बसलेल्या मनुष्याच्या कानाशीं गोंगाट सुरू केला कीं तो मोठमोठ्यानें वाचूं लागे, आणि गोंगाट थांबतांच त्याचा आवाज पुन्हा पूर्वपदावर येई. मोटारींत गाणें नीट ऐकूं आलें नाहीं म्हणजे आवाज वाढविण्याच्या खुंटीकडे जो हात जातो, तो याच स्वभावाला अनुसरून. परंतु खडबडीत वाटांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांतील ध्वनियंत्रांचा इतिहास पाहिला, तर निराळाच बोध होतो. गोंगाटावर ज्यांनीं मात केली, त्यांनीं आवाज वाढविण्याचा उपाय बहुधा सर्वांत शेवटीं योजिला.

या इतिहासाचा पाया १९२५ सालीं घातला गेला. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं त्या वर्षीं आपला लाउडस्पीकर विद्वानांपुढें ठेविला. कागदी शंकूच्या मुळाशीं तारेचें एक हलकें वेटोळें, आणि तें लोहचुंबकाच्या फटींत अधांतरीं बसविलेलें. विद्युत्प्रवाह जसजसा बदलतो तसतसें वेटोळें मागेंपुढें हलतें आणि शंकू हवेला ढकलतो. मोटारींतील बहुतेक लाउडस्पीकर आजहि याच घडणीचे असतात. त्यांच्या निबंधांत दुसरीहि एक महत्त्वाची गोष्ट होती. शंकू समोरची हवा दाबतो, त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींस मिळाल्या, तर एक दुसरीला खाऊन टाकते आणि मंद्र स्वर नाहींसे होतात. म्हणून शंकूभोंवतीं रुंद फळी हवी. पुढची लाट व मागची लाट यांची गांठ पडतां कामा नये. पुढें गाडीच्या दारांत व डॅशबोर्डांत लाउडस्पीकर बसविणाऱ्यांना हा नियम पुनःपुन्हा आठवावा लागला.

शिकागोचे पॉल गॅल्विन यांनीं १९३० सालीं आपल्या स्टुडबेकर गाडींत रेडिओ बसवून ती अटलांटिक सिटी येथील रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाला नेली. या रेडिओचें नांव मोटोरोला. त्या काळच्या कारागिरांपुढें मोठी अडचण होती ती गाडीच्या ठिणग्यांची. इंजिनांतील पेट्रोल पेटविणारी ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण-केंद्रच. तिच्या विद्युल्लहरी रेडिओंत शिरून अखंड कडकडाट करीत. आवाज वाढविला कीं कडकडाटहि तितकाच वाढे. उपाय सांपडला तो उगमापाशीं. ठिणगीच्या तारेंत रोधक घातले, डायनॅमोवर कंडेन्सर बसविले, आणि गाडीचे सुटे पत्रे तारांच्या पट्ट्यांनीं एकमेकांस जोडले. गोंगाटाच्या मुळावर घाव घातल्यावर थोडक्या आवाजांतहि गाणें स्पष्ट ऐकूं येऊं लागलें.

विजेचा गोंगाट असा आवरला, तरी कानावर आदळणारा गोंगाट उरलाच. एका स्वरानें दुसरा कसा झांकला जातो, याचें मोजमाप वेगेल व लेन या अमेरिकन संशोधकांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलें होतें. मोठ्या मंद्र स्वरामुळें तार स्वर सहज झांकले जातात. उलट तार स्वराला मंद्र स्वर झांकणें फार अवघड जातें. इंजिनाची घरघर, दांतेचाकांचा घोष आणि जाड नक्षीच्या टायरांची गुणगुण यांचें बरेंचसें बळ मंद्र बाजूला असतें. बोलण्यांतील जोर स्वरांत असतो, अर्थ मात्र बहुतांशीं व्यंजनांत. आणि स, त, थ यांसारखीं व्यंजनें क्षीण असून त्यांचा ध्वनि उंच असतो. ‘थांब’ आणि ‘लांब’ या दोन शब्दांतील ‘आं’ कितीहि खडखडाटांत ऐकूं येईल. परंतु आरंभींचें व्यंजन बुडालें, तर आज्ञेचा अर्थच बुडाला.

हा अर्थ बुडूं देणें परवडणारें नव्हतें, असा प्रसंग लवकरच आला. सप्टेंबर १९४० मध्यें अमेरिकन बॅन्टम कंपनीनें आपली नमुन्याची गाडी लष्कराच्या स्वाधीन केली. पुढें विलीज व फोर्ड या कंपन्यांनीं मिळून महायुद्धाच्या काळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. धड दार नाहीं, छत किंतानाचें, पुढची कांच आडवी पडणारी, अशी ती गाडी होती. अनेक जीपगाड्यांतून बिनतारी यंत्रें नेलीं जात. ज्या गाडीच्या ठिणग्यांचा उपद्रव आवरलेला असे, तिच्या बॉनेटवरील क्रमांकाशेजारीं ‘एस’ हें अक्षर रंगवीत. मोटोरोलाच्या काळचा धडा लष्करानें असा अक्षरशः गाडीच्या कपाळावर लिहिला.

रणगाड्यांत आणि विमानांत तर स्थिति याहूनहि बिकट. म्हणून १९४० च्या अखेरीपासून हार्वर्ड विद्यापीठांत लिओ बेरानेक व एस. एस. स्टीव्हन्स यांच्या दोन प्रयोगशाळांनीं या प्रश्नाला हात घातला. त्यांची रीत साधी पण कठोर होती. शब्दांच्या याद्या गोंगाटांत वाचून दाखवावयाच्या, श्रोत्यांनीं ऐकलेलें लिहून काढावयाचें, आणि शंभरांतून किती शब्द बरोबर आले तें मोजावयाचें. गोड आवाज आणि कळणारा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें अशा कसोट्यांनीं निर्विवाद ठरलें. गळ्यावर बांधावयाचा मायक्रोफोन गोंगाट टाळी खरा, पण ओंठ व दांत यांपासून निघणारीं व्यंजनें त्याच्यापर्यंत धड पोंचत नसत. त्याउलट ओंठांपाशीं धरावयाचा मायक्रोफोन दोन्ही बाजूंनीं उघडा असे. दूरचा गोंगाट दोहों बाजूंनीं सारखाच येऊन परस्पर फिटे, आणि जवळचें बोलणें तेवढें उरे. याच कार्यांतून पुढें आलेल्या जे. सी. आर. लिक्लायडर यांनीं १९४६ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. बोलण्याच्या लहरींचे उंच शेंडे छाटून टाकले, तरी अर्थ बहुतेक शाबूत राहतो. आणि छाटल्यावर सबंध आवाज उचलून धरला, म्हणजे दुबळीं व्यंजनें स्वरांच्या पंक्तीला येऊन बसतात.

युद्ध संपलें आणि या गाड्या शेतांत, जंगलांत व घाटवाटांत आल्या. इंग्लंडची लँड रोव्हर १९४८ सालीं अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. त्याच सुमारास मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीज जीपच्या जुळणीचा उद्योग हातीं घेतला. शांततेच्या काळांत कानावरचे श्रवणयंत्र गेलें आणि त्याच्या जागीं लाउडस्पीकर आला. त्याबरोबर जुन्या अडचणी नव्या रूपानें उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या पुढच्या भागांत जागा थोडी. लहानसा लाउडस्पीकर गुडघ्यांजवळ बसे, आणि त्याचें तोंड ऐकणाऱ्याच्या नडगीकडे असे. मंद्र लहरी वळून कानापर्यंत येतात. तार लहरी दिव्याच्या झोताप्रमाणें पुष्कळशा सरळ जातात आणि कपड्यांत व गाद्यांत विरून जातात. म्हणजे अर्थ वाहणारा भाग वाटेंतच खर्ची पडे. शिवाय लाउडस्पीकरच्या मागें भोंकें असलेला पातळ पत्रा. त्यांतून पुढच्या-मागच्या लाटांची गांठ पडे आणि पत्रा स्वतःच खडखडूं लागे.

या प्रत्येक अडचणीवर पुढील कांहीं दशकांत उत्तर मिळालें. हेरमान ओबर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १९५२ सालीं पातळ पत्र्याला चिकट लवचिक थर दिल्यानें त्याचें कंपन कसें शमतें, याचें गणित मांडलें. एडगर विल्चर यांनीं १९५४ सालीं बंद पेटींतील हवेलाच स्प्रिंगेचें काम देऊन लहान पेटींतून मंद्र स्वर काढून दाखविले. पेटीचें मोजमाप अंदाजानें न ठरवितां गणितानें ठरविण्याची वाट ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, व पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं, मोकळी केली.

आज अशा गाडींतील पुढच्या लाउडस्पीकरचा आवाज सुधारावयाचा झाल्यास याच इतिहासाच्या क्रमानें जावें लागतें. प्रथम दारांचे रबर, किंतानाच्या फटी व सैल झालेले पत्रे पहावे. वारा व खडखड जितकी कमी, तितका आवाज आपोआप स्पष्ट. मग दाराच्या पत्र्याला आंतून थर द्यावा, भोंकें बुजवावीं, आणि लाउडस्पीकरच्या कडेभोंवतीं फट राहूं देऊं नये. त्यानंतर तार स्वरांचा लहान लाउडस्पीकर डॅशबोर्डाच्या उंचीवर आणून कानाकडे वळवावा. मंद्र स्वरांचें ओझें पुढच्या लहान शंकूवरून उतरवून आसनाखालच्या स्वतंत्र बंद पेटीवर टाकावें. अधिक विजेची पाळी यानंतरची, कारण तो सौदा महागाचा आहे. आवाज सुमारें दुप्पट मोठा वाटण्यास जवळजवळ दसपट वीज लागते.

विजेहूनहि महाग आहे तो कान. अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेनें १९९८ सालीं ८५ डेसिबल आवाजांत दिवसाकाठीं आठ तास ही मर्यादा सांगितली, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी धरली. त्या हिशेबानें ९४ डेसिबलला एकच तास उरतो. गोंगाटावर गाणें चढवीत जाणारा चालक ही मुदत नकळत संपवून टाकतो. श्रवण साधारणतः प्रथम उंच स्वरांत क्षीण होतें, म्हणजे व्यंजनें प्रथम हरपतात. मग घरच्या शांततेंतहि ‘थांब’ कीं ‘लांब’ हें त्याला विचारावें लागतें. शिवाय वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा आणि दरडीवरून सुटलेल्या दगडाचा खळखळाट त्याला ऐकावयाचा असतो, तो वेगळाच. गाडींतील गोंगाट आधीं उतरविला, तर गाणें बेतानें ऐकूं येतें आणि वाटेवरच्या या सूचनांसाठींहि कान मोकळा राहतो.